अठरा लाखांची पॉलिसी, सत्तावीस लाखांचा माल

चिपळूणच्या बाजारपेठेतलं एक कापडाचं दुकान २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालं. दुकानाचा विमा होता. हप्ता वेळेवर भरलेला होता. क्लेम मंजूर झाला, पैसेही आले. तरी मालकाच्या पदरचे ८ लाख ६१ हजार गेले. ते कसे गेले, याचा हा हिशोब.

दुकानाचं, मालकाचं किंवा कंपनीचं नाव मी इथे देत नाही. मालकांना मी इतकी वर्षं काका म्हणत आलोय, इथेही काकाच म्हणेन. ही पॉलिसी मीच काढून दिली होती आणि सात वर्षं मीच रिन्यू करत होतो. त्यामुळे जिथे चूक माझी आहे, तिथे ती तशीच लिहिली आहे.

दुकान आणि पॉलिसी

दुकान जुन्या भाड्याच्या गाळ्यात. इमारत दुसऱ्याची, काकांची भाडेपट्टी वडिलांच्या वेळेपासूनची. आत काउंटर, तिन्ही भिंतींना लाकडी कपाटं आणि वर माळा. माल सुरतच्या साड्या, इचलकरंजीचं कापड, सोलापूरच्या चादरी, शाळांचे गणवेश. मागच्या बाजूला काकू आणि दोन बायका पिको-फॉलचं काम करायच्या. दारात एक छोटा टेंपो.

२०१४ साली बँकेनं १२ लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा, मंजूर केली आणि मालाचा विमा मागितला. २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालातला मालकाचा स्वतःचा वाटा, धरलं की १२ लाखांच्या उचलीला १६ लाखांचा माल दुकानात असायला हवा. त्यावर दोन लाख टाकून मी स्टॉकसाठी १८ लाख लिहिले, फर्निचरसाठी ४ लाख. म्हणजे १८ हा आकडा बँकेच्या कर्जावरून आला होता. कपाटातला माल कुणीच मोजला नव्हता. त्या वर्षी तो जवळपास बरोबर निघाला, हा योगायोग.

पुढे दुकान वाढलं. गणवेशाचं काम आलं, साड्यांचा माळा भरला. दर फेब्रुवारीत मी फोन करायचो, "काका, पॉलिसी रिन्यू करू ना?" ते म्हणायचे, "कर की." संपला विषय. "आता माल किती आहे?" हा एक प्रश्न मी सात फोनमध्ये एकदाही विचारला नाही. हप्ता वाढला तर गिऱ्हाईक कुरकुर करेल, ही भीती आमच्या धंद्यात असते, आणि त्या भीतीपायी आम्ही गिऱ्हाइकाचंच नुकसान करतो.

पॉलिसीचं नाव स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स. बाजारात तिला सरळ "आगीचा विमा" म्हणतात, आणि त्या नावानं बराच गैरसमज होतो. आगीबरोबर तिच्यात वीज पडणं, स्फोट, दंगल, वाहनाची धडक, दरड, पाण्याची टाकी फुटणं असे अनेक धोके येतात. वादळ, चक्रीवादळ, पूर आणि जलमय होणं यांचा एक गट असतो, त्याला आम्ही एसटीएफआय म्हणतो. पॉलिसी घेतानाच हा गट वगळला तर हप्ता थोडा कमी होत असे. काकांनी तो वगळला नव्हता. त्याच रस्त्यावरच्या एका व्यापाऱ्याच्या पॉलिसीत तो वगळलेला निघाला. कुणी वगळला, कधी वगळला, त्याला आठवेना. पॉलिसी हातात होती, शिक्का होता, पण पूर त्यात नव्हता. कागद हातात धरून तो माणूस माझ्यासमोर उभा होता, ते मी विसरलेलो नाही.

बावीस जुलै

चिपळूणला पूर नवा नाही. गावातून शिवनदी वाहते, बाजूनं वाशिष्ठी, आणि कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणीही वाशिष्ठीतच उतरतं. २६ जुलै २००५ चा पूर बाजारपेठेच्या अंगावरच कोरलेला आहे. अनेक दुकानांत भिंतीवर त्या पाण्याची रेघ होती आणि व्यापारी त्या रेघेच्या वर माल लावायचे. काकांनीही तेच केलं होतं. भारी साड्या माळ्यावर, गणवेश आणि चादरी खाली, आणि खालची कपाटंसुद्धा विटांवर चढवलेली. पावसाळ्याची तयारी म्हणून गावानं सोळा वर्षं हेच केलं होतं.

२१ च्या रात्री पाऊस थांबेना. पहाटे पाणी बाजारात आलं आणि २००५ ची रेघ ओलांडून वर गेलं. काकांच्या दुकानात ते माळ्याच्या फळीच्या वर दोन वीत पोचलं. फक्त माळ्यावरच्या उभ्या कपाटाचे वरचे दोन कप्पे कोरडे राहिले.

त्या वर्षी दुकानात माल नेहमीपेक्षा जास्त होता, हे इथे महत्त्वाचं. एप्रिल-मे लग्नसराईचे, पण टाळेबंदीत दुकान बंद. साड्या तशाच पडून. शाळा सलग दुसऱ्या वर्षी बंद. गणवेशाचे गठ्ठे न फोडलेले. आणि १० सप्टेंबरला गणपती, म्हणून सणाचा माल यायला सुरुवात झालेली. कोकणात दुकानदाराचं वर्ष गणपतीवर चालतं. इतका माल काकांनी आजवर कधी भरला नव्हता.

मी रत्नागिरीत राहतो. महामार्ग बंद, मोबाईल लागत नव्हते, वीज नव्हती. चिपळूणला पोचायला मला चार दिवस लागले. बाजारात गुडघाभर चिखल आणि त्यात माल. माझ्या हातात आलेली पहिली वस्तू म्हणजे जांभळी, जरीकाठाची एक साडी. घडीत होती, म्हणून मला वाटलं आतून ठीक असेल. एकेक पदर उलगडत गेलो तर प्रत्येक घडीच्या मोडीवर चिखलाची बारीक रेघ, आणि काठाचा रंग उतरून अंगभर पसरलेला. शेवटची घडी मधोमध कोरडी होती, तळहाताएवढी. काकू म्हणाल्या, "ही धुऊन निघेल?" मी काहीच बोललो नाही.

पहिले दिवस

विमा कंपनीला ताबडतोब कळवायचं, आणि १५ दिवसांत नुकसानीचा लेखी तपशील द्यायचा, ही पॉलिसीची अट. पहिलं काम काकांच्या मुलानं २४ तारखेलाच केलं होतं. रेंज मिळावी म्हणून तो चालत टेकाडावर गेला आणि कंपनीच्या नंबरवर मेसेज टाकून आला. दुसरं काम अवघड होतं. रोगराई पसरू नये म्हणून सगळीकडे सफाई चालू होती, जेसीबी आणि डंपर फिरत होते, सडलेला माल रस्त्यावर आणून टाकायला सांगत होते. सांगणं बरोबरच होतं. पण नुकसान मोजणारा सर्व्हेअर येण्याआधी माल डंपरमध्ये गेला, तर तो दुकानात होता हे सिद्ध कशानं करायचं?

आम्ही एक साधी पद्धत केली. प्रत्येक गठ्ठा बाहेर काढताना फोटो, फोटोत गाळ्याची पाटी दिसेल असा. वहीत नग लिहायचे. अगदी कुजलेलं असेल तर लेबल किंवा काठाचा तुकडा कापून पिशवीत ठेवायचा. पिशव्यांचा ढीग झाला. पुढे सर्व्हेअरनं त्यातल्या वीस-पंचवीस पिशव्या स्वतः उघडून वहीशी ताडून पाहिल्या, आणि त्यानंतर त्यानं आमच्या वहीवर फारशी शंका घेतली नाही. पुरात सापडलेल्या माणसाला मी हे एवढं एकच सांगेन: साफ करा, पण टिपत टिपत करा.

सर्व्हेअरबद्दल गावात राग असतो. तो कंपनीचा माणूस, रक्कम कापायला येतो, असं धरून चालतात. खरं तर तो परवानाधारक स्वतंत्र माणूस असतो. ठरावीक रकमेवरच्या नुकसानीसाठी त्याचा अहवाल कायद्यानंच लागतो. आमच्याकडे आलेले गृहस्थ चिखलात बूट घालून तीन तास उभे होते. गठ्ठा वरून बघून ते पुढे जात नव्हते, मधला नग ओढून अंगठ्यानं दाबून बघत होते.

हिशोबाच्या वह्या भिजल्या होत्या. (वह्या आणि गल्ल्यातली रोकड या पॉलिसीत वेगळी लिहून घेतल्याशिवाय येतच नाही. काकांचे गल्ल्यातले सोळा हजार तसेच गेले.) पण खरेदीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर होती, पुरवठादारांनी भरलेल्या विवरणातून ती उतरवून घेता आली. मार्चअखेरचा ताळेबंद सीएंकडे होता. त्यावरून असा हिशोब बसला: १ एप्रिलचा स्टॉक २७,४०,०००, त्यानंतरची खरेदी ६,१०,०००, विक्री ४,७५,०००, त्यातून २० टक्के नफा वजा केला की विकलेल्या मालाची किंमत ३,८०,०००. म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात पुस्तकी २९,७०,००० चा माल. त्यात दोन लाख सत्तर हजारांचा माल वर्षानुवर्षं न खपलेला, मोडीत निघालेला. तो सर्व्हेअरनं बाजूला काढला. उरला २७ लाखांचा. हा सगळा हिशोब खरेदीच्या किमतीवर. विकून जो नफा झाला असता तो यात येत नाही.

इथे एक प्रसंग लिहिला पाहिजे. ओळखीच्या एकानं काकांना सुचवलं की सुरतेला परत पाठवलेल्या मालाची जुनी बिलं पडून आहेत, तीही लावून टाका, चिखलात कोण बघतंय. हेतू वाईट नव्हता. सगळं गेलेल्या माणसाला चार पैसे जास्त मिळावेत, एवढंच. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, एक खोटं बिल सापडलं तर खऱ्या तेवीस लाखांचाही क्लेम जाईल. तसं पॉलिसीतच लिहिलंय." विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा असतो. कंपनी माल बघायला दर महिन्याला येत नाही, तुम्ही सांगाल त्यावर ती जोखीम घेते, म्हणून खोटेपणाला शिक्षाही पूर्ण क्लेमची. काका म्हणाले, "नको रे बाबा. जे होतं ते लिही."

ॲव्हरेज

आता मुख्य गोष्ट. २७ लाखांच्या मालापैकी वरच्या कप्प्यांतला २,४०,००० चा कोरडा राहिला. भिजलेला २४,६०,००० चा. भिजलेला मालही शून्य किमतीचा नसतो. भंगारवाल्यानं आणि चिंध्यांच्या व्यापाऱ्यानं किलोवर उचलला, त्याचे १,५०,००० आले. हे साल्व्हेज. निव्वळ नुकसान २३,१०,०००.

काकांचं गणित सोपं होतं. नुकसान तेवीस लाखांचं, विमा अठराचा, म्हणजे अठरा मिळणार. वरचे पाच आपले. शंभरातले नव्वद लोक हेच गणित करतात, आणि ते चूक आहे.

पॉलिसीत एक अट असते, तिला ॲव्हरेज म्हणतात. नुकसानीच्या वेळी मालाची खरी किंमत विम्याच्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर जेवढा भाग विम्याबाहेर राहिला तेवढ्या भागाची विमा कंपनी तुम्ही स्वतः. काकांचा माल २७ लाखांचा, विमा १८ लाखांचा. म्हणजे प्रत्येक साडीच्या तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से कंपनीकडे आणि एक काकांकडे. नुकसान झालं की तेही त्याच प्रमाणात वाटलं जाणार. २३,१०,००० चे दोन तृतीयांश १५,४०,०००. त्यातून एक्सेस, म्हणजे नुकसानीतला जो पहिला भाग विमेदारानं सोसायचा असतो तो. पूर-वादळासारख्या नैसर्गिक धोक्यांना या पॉलिसीत तो क्लेमच्या ५ टक्के, किमान १०,००० असतो. इथे ७७,०००. हातात १४,६३,०००.

काकांना हे समजावताना मला फार जड गेलं. ते म्हणाले, "अठरा लाखांचा हप्ता घेतला ना त्यांनी? मग अठरापर्यंत का नाही देत?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला पटतं. समजा पूर एवढा आला नसता, पाणी नुसतं काउंटरपर्यंत येऊन तीन लाखांचंच कापड भिजलं असतं. मग सत्तावीस लाखांच्या मालावर अठराच लाखांचा हप्ता भरणारे काका तीन लाख पूर्ण मागणार, आणि शेजारचा, सत्तावीसवर पूर्ण हप्ता भरणारा, तोही तीन लाख पूर्ण मागणार. बहुतेक नुकसानं लहानच असतात, म्हणजे कमी हप्ता भरणारा नेहमीच फायद्यात राहील आणि सगळेच कमी रकमेचा विमा घेतील. हप्त्यांची जी सामाईक गंगाजळी असते, ती आटेल. विमा म्हणजे अनेकांनी थोडं थोडं टाकून एखाद्याचं नुकसान भरून काढणं. त्यात ज्यानं जेवढं झाकलं, तेवढ्याच प्रमाणात त्याला मिळणार.

तरी खंत उरतेच, कारण पूर्ण झाकायला फार पैसे लागले नसते. आणखी ९ लाखांच्या विम्याला जीएसटी धरून दोन हजारांच्या आत वाढीव हप्ता पडला असता. विमा २७ लाखांचा असता तर २३,१०,००० मधून ५ टक्के एक्सेस जाऊन २१,९४,५०० मिळाले असते. म्हणजे दोन हजार वाचवले आणि ७,३१,५०० गमावले. हे वाचवा असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मालाचा साठा चढता-उतरता असेल तर काय करायचं? मोठ्या व्यापाऱ्यांसाठी दरमहा साठा कळवण्याची वेगळी पॉलिसी असते, पण तिला किमान रक्कम मोठी लागते, काकांसारख्यांना ती लागू नाही. त्यांच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे गणपती-दिवाळीचा माल भरायच्या आधी कंपनीला कळवून रक्कम वाढवून घेणं. त्याला एंडोर्समेंट म्हणतात, एका पानाचं काम असतं.

फर्निचर, घरमालक, बँक

फर्निचरच्या बाबतीत उलटं झालं. विमा ४ लाखांचा. तसंच फर्निचर नवं करायला ५ लाख लागले असते, पण नऊ वर्षं वापरलेलं. ४० टक्के घसारा धरून किंमत ३ लाख. फुगलेल्या प्लायवूडचे २०,००० आले. नुकसान २,८०,०००, एक्सेस १४,०००, मिळाले २,६६,०००. रक्कम जास्त लिहिली म्हणून जास्त मिळत नाही. नुकसान भरून निघावं, माणूस आधी होता तिथे परत यावा, एवढाच विम्याचा उद्देश; त्यावर नफा नाही. काका म्हणाले, "मग फर्निचरचे उरलेले एक लाख तरी स्टॉकमध्ये धरा." तेही होत नाही. प्रत्येक बाबीचा हिशोब स्वतंत्र.

भिंती आणि फरशी उखडली होती. त्याचा क्लेम काकांना करता आला नाही, कारण इमारत त्यांची नाही. वस्तू गेल्यानं ज्याला आर्थिक झळ बसते, तोच तिचा विमा घेऊ शकतो. घरमालकाचा विमाच नव्हता.

आणि पैसे थेट काकांच्या हाती आले नाहीत. माल बँकेकडे तारण, पॉलिसीवर बँकेचं नाव, म्हणून सगळी रक्कम आधी कॅश क्रेडिटच्या खात्यात. सप्टेंबरात ५ लाख उचल म्हणून मिळाले, बाकी १२,२९,००० नोव्हेंबरात. एकूण १७,२९,०००. माल आणि फर्निचर मिळून नुकसान २५,९०,००० चं, म्हणजे काकांच्या पदरचे ८,६१,००० गेले ते हे. नवा माल भरायला बँकेनं पुन्हा उचल दिली, पण मधले दोन महिने काका हातउसनं घेऊन चालले. गणपती गेलाच. बुडालेल्या धंद्याचा नफा या पॉलिसीत येत नाही. त्याची पॉलिसी वेगळी असते आणि बाजारपेठेत ती मला एकाकडेही दिसली नाही.

त्रेचाळीस साड्या आणि एक टेंपो

आतापर्यंतचं सगळं स्वतःच्या मालमत्तेबद्दल झालं. विम्याची दुसरी बाजू दायित्वाची: आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं आणि ते भरून द्यायची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर आली, तर ती.

पिको-फॉलला आलेल्या गिऱ्हाइकांच्या ४३ साड्या दुकानात होत्या. त्यांत कुणाचा लग्नातला शालू, कुणाच्या आईची नऊवारी. काकांच्या स्टॉकच्या विम्यात त्या येत नाहीत. दुसऱ्याचा विश्वासानं ठेवलेला माल पॉलिसीत वेगळा लिहावा लागतो आणि मी तो लिहिलेला नव्हता. मग काका त्या गिऱ्हाइकांना देणं लागतात का? १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्यानं आपल्या स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस घेतो तेवढी काळजी घेतली असेल, तर नुकसानीला तो जबाबदार नाही. काकांनी त्या साड्या स्वतःच्या भारी साड्यांशेजारी माळ्यावर ठेवल्या होत्या. जबाबदारी नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काकूंच्या वहीतून नावं काढून प्रत्येकीला निरोप धाडला की दुकान उघडलं की अर्ध्या किमतीत साडी घेऊन जा. काही जणी आल्या, काही आल्याच नाहीत. एकीनं साडी नको म्हटलं, फक्त भिजलेली साडी तशीच परत मागून नेली.

टेंपो पाण्यावर तरंगत गेला आणि पलीकडच्या दुकानाच्या शटरवर आपटला. शटर आत वाकलं. शेजाऱ्यानं भरपाई मागितली आणि काका मला म्हणाले, "थर्ड पार्टी आहे ना आपलं, देऊन टाक." थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला त्यात साडेसात लाखांपर्यंत संरक्षणही असतं. पण काकांची चूक असेल तरच ते संरक्षण लागू. हँडब्रेक न लावता टेंपो उतारावर सोडला असता आणि तो घरंगळत जाऊन शटरवर आदळला असता, तर कंपनीनं दिलं असतं. गाव बुडवणाऱ्या पाण्यानं उचलून नेलेल्या टेंपोत काकांचा निष्काळजीपणा नव्हता. शेजाऱ्याला हे पटायला वेळ लागला. दोघांचंही दुकान बुडालेलं, दोघंही खचलेले. आणि टेंपोचं स्वतःचं नुकसान? काकांनी हप्ता कमी पडतो म्हणून नुसती थर्ड पार्टी घेतली होती. त्यात स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही. इंजिन उघडायला मेकॅनिकनं जेवढे सांगितले, तेवढ्यात जुना टेंपो आला असता. तो भंगारात गेला. (पाण्यात बुडालेल्या गाडीला पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारू नका. आत पाणी असताना इंजिन फिरवून ते मोडलं, तर पूर्ण विमा असूनही त्यावर वाद होतो.)

एका बाजारात सगळेच

एक शंका काकांच्या मुलानं विचारली. अख्खी बाजारपेठ एका सकाळी बुडाली, एवढे पैसे कंपनी आणणार कुठून? आगीचा हिशोब सोपा: हजार दुकानांतून एखादं जळतं, बाकीच्यांच्या हप्त्यातून त्याचं भागतं. पूर तसा येत नाही, तो एकाच वेळी सगळ्यांकडे येतो. त्याच दोन दिवसांत महाड बुडालं, तळीयेवर दरड कोसळली, कोल्हापूर-सांगलीत पाणी होतं. म्हणून कंपनी स्वतःचाच विमा उतरवते, त्याला पुनर्विमा म्हणतात. देशातल्या कंपन्यांच्या प्रत्येक पॉलिसीचा ठरावीक हिस्सा नियमानंच जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे जातो आणि तिथून पुढे जोखीम जगभरच्या कंपन्यांत वाटली जाते. चिपळुणातल्या साडीची जोखीम अशी परदेशापर्यंत पसरलेली असते.

धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे पूर वाढला की नाही, यावर गावात तेव्हा खूप बोललं गेलं. क्लेमच्या दृष्टीनं त्याचा फरक पडला नाही. दुकानात शिरलं ते पुराचं पाणी, नुकसानीचं सगळ्यात जवळचं कारण पूर, आणि पूर पॉलिसीत होता.

सरकारी मदत वेगळी. राज्यानं ऑगस्टमध्ये ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात दुकानदारांना जास्तीत जास्त ५०,००० होते. काकांनी त्यातून दुकानाला रंग दिला.

फेब्रुवारी २०२२

पुढच्या रिन्यूअलला मी फोन केला नाही, दुकानात गेलो. मधल्या काळात पॉलिसीचा साचाच बदलला होता. १ एप्रिल २०२१ पासून एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यांना भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी मिळते. तिच्यात विमा खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ॲव्हरेज लावत नाहीत, आणि भूकंपही आतच येतो. पूर्वी तो वेगळा घ्यावा लागे. १९६७ चा कोयनेचा भूकंप काकांनी लहानपणी अनुभवलेला, त्यामुळे ते एवढ्यावर खूश झाले. काकांची जुनी पॉलिसी या तारखेच्या दोन महिने आधी रिन्यू झाली होती. नवी असती तरी फायदा झाला नसता. त्यांचा विमा ३३ टक्क्यांनी कमी होता.

आम्ही कपाटं मोजली. माळा मोजला. सणाचा माल धरून स्टॉकसाठी ३४ लाख लिहिले. पिको-फॉलच्या साड्यांसाठी वेगळी ओळ, २ लाखांची. फर्निचर नवं होतं, त्याची नवी किंमत. मी मसुदा मोठ्यानं वाचला, काका एकेक ओळ ऐकत होते. पत्त्याच्या ओळीत "तळमजला" एवढंच होतं. त्यांनी थांबवून "व माळा" लिहायला लावलं.

आता महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकांचा मुलगा कालनिर्णयाच्या त्या पानावर स्टॉकचा आकडा लिहितो आणि फोटो काढून मला पाठवतो. जुलै २०२२ च्या फोटोत ३१,२०,००० होते. खाली काकांच्या अक्षरात: "गणपतीचा माल अजून यायचा आहे. बघून घे."